बेवारस आज्यांचा वाली

काकाजींना कोणी नमस्कार केला की ते उलटा नमस्कार करत नाहीत, आज्याचं नाव विचारतात. बापाचं चालत नाही. "बापाचं त रेशन कार्डावर भेटते नं बाप्पा, त्यात का शोधाचं हाय?" समोरचा चाचरला, डोकं खाजवू लागला, "आमी त्याले बुढाच म्हनत होतो" असं काहीतरी पुटपुटला की काकाजींचा चेहरा खुलतो. ज्याला आपला आजा नावगावासकट ठाऊक आहे, त्याच्याशी ते पावसापाण्याचं बोलतात आणि निघून जातात.

हा प्राणी वऱ्हाडात सर्वत्र आढळतो. अमरावती-अकोल्याला तर हमखासच, पण दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, चांदूर बाजार, कुठल्याही तहसील कचेरीत नकलेच्या खिडकीपाशी जरा रेंगाळलात की मागून आवाज येतो, "कोन्त्या सालाची पाह्यजे?" वय सत्तरीपुढचं, पांढरा सदरा, खिशात तीन पेनं आणि एक भिंग, हातात रेक्झिनची पिशवी. पिशवीचा बंद तुटलेला असतो आणि तो सुतळीनं बांधलेला असतो. हा गृहस्थ पेन्शनर असतोच, कारण नोकरी करून हे काम होत नाही. माझ्या ओळखीचे काकाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांचं नाव मी मुद्दामच देत नाही. दिलं तर ऱ्हस्व-दीर्घ तपासायला ते छापखान्यात पोचतील आणि तिथे कंपोझिटरपासून संपादकापर्यंत सगळ्यांच्या वंशावळी काढून बसतील.

आजे शोधण्याचं हे व्यसन लागतं ते एकाच दारात, जात पडताळणीच्या. काकाजींच्या नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. पडताळणीचा कायदा २००१ चा. तो आला आणि महाराष्ट्रातल्या मेलेल्या आज्यांचे भाव एकदम वधारले. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. या चार तारखा काकाजींना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ आहेत. काकूजींनी ते एकदा चारचौघांत सिद्धही करून दाखवलं.

नातीचं प्रमाणपत्र आलं. नात इंजिनिअर झाली, पुण्याला गेली, तिचं लग्न झालं, नवऱ्यासोबत पोलंडमध्ये क्राकूफला जाऊन नोकरीला लागली. काकाजी अजून नकलेच्या खिडकीवरच आहेत.

त्याचं कारण असं. कोतवाल बुकात आपला आजा शोधायचा म्हणजे पान पान चाळावं लागतं. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची ती जुनी वही. आपला आजा लवकर सापडत नाही, पण बाकीच्यांचे भराभर सापडत जातात. दुसऱ्या कोणी ते पान उलटलं असतं. काकाजींना ते जमलं नाही. एखादा गणू वल्द हरी शंभर वर्षांत पहिल्यांदाच कोणाच्या नजरेस पडला आणि आपण पान उलटून पुढे जायचं, हे हेडमास्तराच्या मनाला पटेना. त्यांनी तो टिपून घेतला. मग त्याच्या खालचाही घेतला. असे करता करता पिशवीत शेकड्यांनी बेवारस आजे जमले, तालुक्यावार, गाववार, फायली करून. आता काकाजी त्यांच्यासाठी नातू पाहतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ पिशवीत स्थळं घेऊन फिरतो, तसे हे एसटीत, चहाच्या टपरीवर, मयतीला, तेरवीच्या पंगतीत आजे घेऊन फिरतात.

एकदा बडनेरा स्टेशनवर माझ्यासमोर त्यांनी एका भल्या माणसाला गाठलं.

"गाव कोन्तं?"

"वाडेगाव."

"बाळापूर तालुक्यातलं? थांबा." पिशवी उघडली, भिंग निघालं. "वाडेगावचा एक हाय माह्याजोळ. उकंडा वल्द राघो. चांगला आजा हाय, चार एकर जमीन बी होती. पाहा, तुमाले बसते का."

"पण काकाजी, आमच्या आजोबांचं नाव विठ्ठल होतं."

"घरात विठ्ठल असन. कागदावर उकंडा असू शकते नं."

माणूस रागावला, पण काकाजींचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. पाठोपाठची लेकरं जगत नव्हती तेव्हा आईबाप पुढच्याचं नाव मुद्दाम उकंडा, धोंडू, दगडू, फकिरा असं ठेवत. उकिरड्यावरच्या पोराकडे यमाचं लक्ष जात नाही, असा हिशेब. पोरगं जगलं, मोठं झालं, लग्नाला उभं राहिलं की त्याला देवाचं नाव मिळे. कागदावर मात्र उकंडाच राही, कारण कागद यमाच्याच खात्यात जमा. तेवढ्यात गाडी आली आणि तो माणूस चढून गेला. उकंडा वल्द राघो परत पिशवीत गेले.

कोतवाल बुकाबद्दल काकाजींना प्रेम आहे, पण त्यापेक्षा राग जास्त आहे. जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा पोराचं नावच नसतं. बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगा'. बस. आता त्या बापाला पाच मुलगे झाले असतील तर हा कोणता? शिवाय लिहिणाऱ्याला कंटाळा आलेला. मृत्यूच्या कारणांमध्ये पटकी, देवी, प्लेग, हगवण असे रकाने होते, तरी माणसं मरत तापानं. म्हातारा मेला, ताप. बाळंतीण मेली, ताप. विहिरीत पडून मेला त्याच्याही पुढे ताप लिहिलेला काकाजींनी पाहिला आहे. "पान्यात पडला म्हनून आला असन," ते म्हणतात.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरबद्दल मात्र ते कोणाला बोलू देत नाहीत, कारण तिथे ते स्वतः आरोपी आहेत. महाराष्ट्रातली खेड्यातली निम्मी जुनी माणसं १ जूनला नाहीतर १ जुलैला जन्मलेली असतात, ती मास्तरांच्या कृपेनं. बाप पोराला हात धरून शाळेत आणायचा आणि जन्मतारीख विचारली की म्हणायचा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, जवा बुढी गाय मेली तवा. "मंग काय लिहू?" काकाजी विचारतात. "म्या एका दिवशी बावीस पोट्टे जन्माले घातले, अन् एकाही बाईले कळ आली नाई!"

त्यांच्या शोधाची पद्धत मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. येवद्याकडचं एक प्रकरण मी जवळून पाहिलं. पोरगा बी.एस्सी. अॅग्रीला लागलेला, पडताळणी अडलेली. त्याचा बाप शाळेत गेलाच नव्हता, आणि बापाच्या प्रत्येक कागदावर वडिलांचं नाव होतं 'बुढाजी'. झालं होतं असं की पूर्वी कधीतरी यादी करणारा दारात आला, त्यानं बापाचं नाव विचारलं, घरात लहानपणापासून ऐकलेलं एकच नाव पोरानं सांगितलं. बुढा. लिहिणाऱ्यानं आदरापोटी 'जी' लावला. तेव्हापासून सरकारदरबारी हे घराणं बुढाजीचं. खरं नाव जाणणारं एकच माणूस जिवंत होतं, नव्वदीची आजी, आणि तिनं नवऱ्याचं नाव जन्मात उच्चारलं नव्हतं.

"माय, बुढ्याचं नाव काय होतं?" काकाजींनी विचारलं.

"तेच."

"तेच म्हंजे?"

"पोट्ट्याच्या बापाचा बाप." आजीनं पदर तोंडावर ओढला. घरातले सगळे तिच्यामागे लागले. नातू म्हणाला, माझं वर्ष वाया जाईन. सून म्हणाली, आता कायची लाज, बुढा जाऊन चाळीस वर्षं झाली. आजी ढिम्म. शेवटी काकाजींनी सगळ्यांना गप्प केलं, मांडी घालून बसले आणि फर्मावलं, "बाई गं, पाट मांडा, कुकू आना. मायनं उखाना घेतल्याबिगर आज कोनी उठाचं नाई."

उखाणा म्हणताच आजीचा चेहरा सत्तर वर्षांनी लहान झाला. दोन सुना तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आजीनं घसा खाकरला आणि खणखणीत म्हटलं:

"खारं पानी पूर्नेचं, गोड तुरीची दाय,
संपतरावाचं नाव घेते, कागदाचं काम हाय."

काकाजींनी खिशातलं पेन काढून 'संपत' लिहिलं आणि खाली तारीख, वेळ टाकली. दुसऱ्या पेनानं दोन पंचांच्या सह्या घेतल्या. उखाण्याचा पंचनामा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

पण नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला असं नाही. त्या गावच्या नोंदींत संपत निघाले चार, आणि चौघांपैकी एकाचाही बाप जुळेना. इथे साधा माणूस हात टेकतो. काकाजी म्हणाले, "मामाच्या गावाले पाहू." हा त्यांचा सिद्धान्त आहे आणि त्याला आधार साक्षात गाडगेबाबांचा. बाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगावचा, आजचा अंजनगाव सुर्जी तालुका, जिल्हा अमरावती. पण वडील लवकर वारले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली, मूर्तिजापूर तालुका, जिल्हा अकोला. "आता सांगा," काकाजी म्हणतात, "डेबूजीले शेंडगावात धुंडत बसले असते त भेटला असता का? तो त दापुऱ्यात मामाचे ढोरं वयत होता." दुष्काळात, प्लेगात, बाप गेल्यावर, पोरगं मामाकडे जाई. म्हणून आजा हरवला तर आजीचं नव्हे, आज्याच्या आईचं माहेर गाठायचं.

येवद्याचे संपतराव मामाच्या गावच्या शाळेत सापडले. पहिलीत नाव घातलेलं, बापाचं नाव, जात, सगळं स्वच्छ. थोड्याच महिन्यांत नाव कमी केलेलं, कारण: 'नेहमी गैरहजर'. पोराचं काम झालं, घरात पेढे वाटले. पण संध्याकाळी थोरला चुलता काकाजींना बाजूला घेऊन म्हणाला की आमच्या वडिलांनी मेळघाटात नुसत्या काठीनं वाघ लोळवला होता, त्याचं कुठे काही लिहिलेलं नाही का?

"भाऊ," काकाजी म्हणाले, "दाखल-खारीजमंदी वाघाचा रकाना नसते."

वाघ नुसता हुकला तर घर सावरतं. पण प्रत्येकाला आजा सापडायला हवाच असतो असं नाही. सात पिढ्या इथलेच म्हणून मिशीला पीळ देणाऱ्याचा पणजोबा दुष्काळात बायकापोरांसह कुठून तरी येऊन जिनिंगमध्ये हमाली करू लागल्याचा कागद निघतो. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, आणि कित्येकांचे आजे त्या कापसाच्या मागे इथवर आले. हे काकाजी फार प्रेमानं सांगतात, ऐकणाऱ्याला ते प्रेम दिसत नाही. कुठे आज्यानं पाट लावलेली दुसरी बायको निघते, तिचे नातू शेजारच्या तालुक्यात सुखानं नांदत असतात आणि सातबाऱ्याकडे अजून त्यांचं लक्ष गेलेलं नसतं. अशा वेळी घरचे लोक काकाजींना चहा देतात, नाश्ता देतात, आणि फाटकाची कडी लावून घेतात.

इतिहासाचं पुस्तक काकाजी वाचत नाहीत. त्यांना तो रकान्यांतून कळतो. पूर्वी वऱ्हाडात दोअमली, म्हणजे एकाच शेताच्या वसुलात वाटा निजामाचाही आणि नागपूरकर भोसल्यांचाही. १८०३ साली आधी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला आणि मग गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं आणि जवळजवळ सगळा मुलूख निजामाच्या पदरात पडला. १८५३ साली निजामानं तो कर्जापायी इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, मालकी स्वतःकडे ठेवून. १९०२ साली कायमचा पट्टा झाला, १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, १९५६ साली मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात. "आजा ओट्यावरून उठला नाई," काकाजी म्हणतात, "अन् चार सरकारं येऊन त्याले आपापल्या भाषेत लिहून गेले." कुठे फारसी, कुठे मोडी, कुठे इंग्रजी. साल फसली, त्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन. काकाजींनी निवृत्तीनंतर मोडी शिकून घेतली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत फट नाही. पोराचं नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याच्या श्रद्धेवर. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम निघालं, कुणबी नोंदी शोधण्याचं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम सुगीचे दिवस आले. पार मराठवाड्यातून काकाजींना फोन येत. ते पैसे घेत नाहीत. चहा घेतात आणि कागदाची एक झेरॉक्स स्वतःसाठी मागतात.

त्र्यंबकेश्वरला ते एकदा गेले ते ज्योतिर्लिंगासाठी, असं काकूजी समजत होत्या. प्रत्यक्षात देवाला हात जोडून झाल्याबरोबर ते तीर्थोपाध्यायांच्या ओट्यावर जाऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत. जिल्हा, तालुका, गाव, आडनाव अशा क्रमानं लावलेल्या त्या वह्या पाहून त्यांना आनंदही झाला आणि पोटात दुखलंही. परत आल्यावर म्हणाले, "वह्या झ्याक हायेत. पन ज्याच्याजोळ तिथवर जायाले पैसा होता तोच त्या वहीत हाय. माह्ये उकंडे-धोंडू कुठी गेलते त्र्यंबकेश्वरले?" काकूजींचं मत वेगळं होतं. "परक्याचे बुढे घरात आनून ठेवले," त्या मला म्हणाल्या, "अन् माह्या भावाच्या नातवाचं बारसं इसरले."

शेगावला मात्र काकाजी पिशवी बाहेर ठेवून जातात. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात प्रकट झाले. त्याआधीचं गाव नाही, आई-बाप नाहीत, वल्द नाही. एका भक्तानं त्यांना गमतीनं डिवचलं, की काकाजी, महाराजांचा आजा शोधा की. काकाजींनी दोन्ही हात कानाला लावले. "महाराजाले पडताळनी लागत नाई. तुह्या पोराले लागते. त्याचे कागद आन."

आता पोलंड.

क्राकूफला नातीनं जे घर भाड्यानं घेतलं त्याची मालकीण ऐंशीच्या घरातली बाई. एका रविवारी तिनं नातीला चहाला बोलावलं आणि बोलता बोलता सांगितलं की आपल्याला आईकडचा आजोबा कोण हे ठाऊक नाही. आईचा जन्म १९१३ चा, क्येल्त्सेजवळच्या एका खेड्यातला. नोंदीत आईच्या आईचं नाव आहे, बापाचं नाही. नातीनं ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर सहज सांगितली. तिकडे स्क्रीनवर काकाजी उठून उभे राहिले, म्हणजे नातीला फक्त सदऱ्याच्या गुंड्या दिसू लागल्या. "त्या बुढीले म्हना, घाबरू नको. आजा भेटन."

तेव्हापासून आमच्या कानावर पोलंड इतकं आलं आहे की पातूरपेक्षा ते जवळ वाटू लागलं. काकाजींच्या मते तो देश म्हणजे वऱ्हाडच, फक्त थंडी जास्त. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला आणि नकाशावर उरलाच नाही, पण माणसं ओट्यावरच होती. क्राकूफकडच्या ऑस्ट्रियन मुलखात पाद्री लॅटिनमध्ये नोंद करी, प्रशियाकडे जर्मन चाले, आणि क्येल्त्से-वॉर्साकडे १८६८ पासून पोलिश माणसाचा जन्मही रशियनमध्ये लिहायचा. त्यातही लिहिणाऱ्यानं माणुसकी ठेवली. रशियन नावापुढे कंसात तेच नाव पोलिशमध्ये लिहून ठेवलं. तारखाही दोन, एक रशियाच्या जुन्या पंचांगाची, एक नव्या. विसाव्या शतकात त्यांच्यात फरक तेरा दिवसांचा. "तेरा?" काकाजी म्हणाले. "म्हंजे जन्माच्या नोंदीतच तेरवी!"

पण त्यांना खरा धक्का बसला तो नोंदीच्या मजकुराचा. नेपोलियनच्या कायद्यानं १८०८ पासून तिथे नोंद कथेसारखी लिहीत: अमुक दिवशी, दुपारी इतक्या वाजता, अमका शेतकरी, वय चाळीस, अमुक-तमुक साक्षीदारांसह आमच्यापुढे हजर झाला आणि त्यानं आम्हांस एक पुल्लिंगी बालक दाखवलं, त्याच्या अमक्या बायकोपासून झालेलं. बालकाचं नाव हे ठेवलं. मजकूर वाचून दाखवला. हजर असलेल्यांना लिहिता येत नसल्यामुळे सही आमची. नातीनं हे सगळं फोनवर मराठीत सांगितलं तेव्हा काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बालक दाखोलं? अन् आमचा कोतवाल नुसतं 'मुलगा' लिहून घरी गेला!" ही जखम अजून भरलेली नाही. त्यातच त्यांना कळलं की तिथल्या वंशशास्त्राच्या संस्थेचे हौशी लोक घरबसल्या ह्या नोंदींची नावं उतरवून संगणकावर टाकतात, त्या सूचीला जेनेटेका म्हणतात, आणि जगात कोणीही बसल्या जागी ती पाहू शकतो. अमेरिकेतल्या युटाच्या ज्या मंडळींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांच्या फिल्म काढून नेल्या, त्यांनीच पोलंडच्या चर्चमधल्या पुष्कळ वह्यांच्याही काढल्या. काकाजींचा एकच सवाल आहे: ही मंडळी हरिद्वारला येतात तर पुढे अकोल्याला यायला त्यांना काय होते? गाडी थांबते नं.

दरम्यान मालकीणबाईंच्या आईच्या जन्मनोंदीचा फोटो आला. रशियन अक्षरं, तिरकी, एकमेकांत गुंतलेली. काकाजींनी भिंग लावून मोबाइल न्याहाळला.

"कळतं का काही?" मी विचारलं.

"अक्षर कळत नाई. पन लिहिनारा जेवाले जायच्या घाईत होता, हे दिसते."

नातीनं भाषांतर पाठवलं. बाप अज्ञात. आणि बालक घेऊन हजर झाली होती ती आई नव्हे, सुईण. लग्नाविना झालेल्या मुलाच्या बाबतीत तिथे बहुधा तसंच होई. नात म्हणाली, संपलं आबाजी, इथे रस्ता बंद होतो. इथून पुढे फक्त डीएनए.

"रस्ता कायचा बंद होते?" काकाजी ओरडले. "दाईले नाव हाय नं तिथं? आडनाव? वय?"

होतं. बावन्न वर्षं, गाव तेच.

"मंग झालं. कोनाचं लेकरू हाय हे दाईले ठाऊक नसन त कोनाले ठाऊक असन? तिनं सांगतलं असन आपल्या लेकीले. लेकीनं सांगतलं असन तिच्या लेकीले. अशा गोष्टी बाया शंभर वर्षं इसरत नाई. तू त्या बुढीले म्हन, आजा धुंडू नको, दाईची पणती धुंड. अन् गावात जाशीन तवा रिकाम्या हातानं जाऊ नको, काही गोडधोड ने."

नात म्हणाली, आबाजी, असं तिकडे कोणाच्या दारात जाऊन विचारता येत नाही.

"कुठीच येत नाई. तरी विचारा लागते."

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. फायली ओळीनं लावलेल्या होत्या, अकोट, अकोला, तेल्हारा, पातूर, आणि पातूर-बाळापूरच्या मध्ये, वर्णानुक्रम बिघडू न देता, पोलंड. आत सुईणीचं नाव देवनागरीत लिहिलेलं होतं. मालकीणबाई मे महिन्यात क्येल्त्सेकडे जाणार आहेत, नात सोबत जाणार आहे, गोडधोड म्हणून इकडून तिळाच्या वड्या गेल्या आहेत. मी उठलो तशी काकाजींनी मला हातानं थांबवलं, पिशवीतून एक कागद काढला आणि भिंगातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमच्या आज्याचं आजोळ कोन्तं म्हनले होते? दहीहांडा? माह्याजोळ दहीहांड्याचे दोन हायेत. एक जरासा रागीट हाय, पन पाहून घ्या."